नवा डॅक लावला, पण आवाज खरंच सुधारला का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्या स्टीरिओला नवा डॅक जोडणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढचे किचकट. घाईत असाल तर ३, ४ आणि ६ एवढेच वाचा. बहुतेक वाद तिथेच मिटतात.

१. डॅक म्हणजे नेमकं काय? माझ्याकडे वेगळा डॅक नाही, तरी गाणी वाजतात ती कशी?

डिजिटल फाइलमध्ये आवाज आकड्यांच्या रूपात असतो. सीडीवर प्रत्येक चॅनलसाठी दर सेकंदाला ४४,१०० आकडे, प्रत्येक आकडा १६ बिटांचा. या आकड्यांपासून अ‍ॅम्प्लिफायरला कळेल असा सलग विद्युत सिग्नल तयार करणारं सर्किट म्हणजे डॅक. ते फोनमध्ये, लॅपटॉपमध्ये, टीव्हीत, सीडी प्लेअरमध्ये, अगदी ब्लूटूथ स्पीकरमध्येही असतंच. त्यामुळे "डॅक घेऊ का?" असं कुणी विचारलं की मी त्याचा अर्थ "आहे तो बदलू का?" असा घेतो.

२. चांगला डॅक लावला की फरक लगेच ऐकू यायला हवा ना?

यायलाच हवा असं अजिबात नाही. १९८२ साली सीडी प्लेअर बाजारात आले तेव्हा हे काम खरोखर अवघड होतं. फिलिप्सच्या पहिल्या प्लेअरमध्ये १४ बिटांचीच चिप होती आणि चौपट ओव्हरसॅम्पलिंगच्या (मूळ आकड्यांच्या अधेमधे हिशेबाने नवे आकडे भरायच्या) युक्तीने तिच्याकडून १६ बिटांचं काम काढून घेतलं होतं. आज बोटाएवढ्या यूएसबी डोंगलचाही स्वतःचा गोंगाट संगीताच्या खाली ९०-१०० डेसिबल असू शकतो. याउलट स्पीकरमधलं डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाची मोडतोड, सहज ०.१ ते १ टक्का असतं, म्हणजे संगीताच्या खाली फक्त ६० ते ४० डेसिबल. आणि खोली तर बेसचे काही सूर दहा डेसिबलने फुगवते, काही तेवढेच गिळून टाकते. या सगळ्या साखळीत डॅक बिचारा सर्वांत कमी दोषी.

अपवाद आहेतच. जुना डॅक बिघडलेला किंवा गोंगाट करणारा असेल (प्रश्न १४), नव्या डॅकला मुद्दाम वेगळा रंग दिलेला असेल (प्रश्न १३), किंवा जोडणीतच काही गोम असेल (प्रश्न १५ आणि १७).

३. पण मला तर लावल्या लावल्या फरक जाणवला. तो भास होता का?

फरक बहुधा खरा होता. तो डॅकच्या दर्जाचा होता का, हे मात्र अजून ठरायचं आहे.

पहिला संशय आवाजाच्या पातळीवर घ्या. घरगुती डिजिटल उपकरणांचं पूर्ण आउटपुट साधारण २ व्होल्ट धरलं जातं, पण प्रत्यक्षात कुणी २.५ व्होल्ट देतो आणि एक्सएलआर (तीन पिनांचं) आउटपुट बहुधा ४ व्होल्ट असतं. २ आणि २.५ व्होल्टमध्ये जवळजवळ २ डेसिबलचं अंतर पडतं, २ आणि ४ मध्ये ६ डेसिबलचं. एवढं मोठं अंतर तुम्ही "आवाज वाढला" म्हणून ओळखालही. अर्धा-एक डेसिबल मात्र फसवतो. तो "वाढलेला" वाटत नाही, "स्वच्छ", "भरदार", "मोकळा" वाटतो. यामागे कानाची घडण आहे. कमी पातळीवर कानाला खोल बेस आणि टोकाचा ट्रेबल कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. पातळी जरा वर गेली की दोन्ही टोकं उजळतात आणि श्रेय डॅकला मिळतं.

दुसरा संशय अपेक्षेवर. याबाबत मी स्वतः चांगलाच तोंडावर आपटलो आहे. नव्या डॅकचा आवाज कसा हवेशीर आहे हे एका मित्राला मी अर्धा तास समजावून सांगत होतो. शेवटी त्याने अदबीने विचारलं, "याचा दिवा का लागलेला नाही रे?" अ‍ॅम्पचा सिलेक्टर जुन्याच इनपुटवर होता.

४. दोन डॅकची पातळी अचूक सारखी कशी करायची?

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. दोन्ही डॅक एकाच अ‍ॅम्पच्या दोन लाइन इनपुटना जोडा. १०० ते २०० हर्ट्झमधला एखादा साइन टोन (एकच शुद्ध सूर) वाजवा. स्वस्त मीटर साधारण ४०० हर्ट्झपर्यंतच एसी व्होल्टेज भरवशाने दाखवतात, म्हणून नेहमीचा १ किलोहर्ट्झचा टोन इथे टाळा. मीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलवर मोजा. मीटरच्या पिना एकमेकींना लागू देऊ नका, नाहीतर अ‍ॅम्प जायचा. व्हॉल्यूम असा ठेवा की मीटर १ व्होल्टच्या आसपास दाखवेल. ८ ओहमच्या स्पीकरला हा जेमतेम एक-अष्टमांश वॉट झाला, त्यामुळे स्पीकरला धोका नाही. एकदा लावला की या नॉबला चाचणी संपेपर्यंत हात लावायचा नाही.

आता सिलेक्टर बदलून दोन्ही डॅकचे आकडे लिहून घ्या. लक्ष्य ०.१ डेसिबलचं, म्हणजे साधारण १.२ टक्के. एक डॅक १.००० व्होल्ट दाखवत असेल तर दुसरा ०.९८८ ते १.०१२ च्या आत हवा. जो मोठा आहे त्याला खाली आणा. त्याच्याच व्हॉल्यूमने जमलं तर उत्तम. त्याच्या पायऱ्या अर्ध्या डेसिबलच्या असतील तर उरलेला फरक प्लेअर सॉफ्टवेअरमधून काढा, पण फक्त त्याच डॅकला जाणाऱ्या सिग्नलवर. "डिजिटल व्हॉल्यूम कमी केला की दर्जा घसरतो" ही भीती इथे बाजूला ठेवा. २४ बिटांच्या साखळीत दोन-चार डेसिबल कमी केल्याने ऐकू येईल असं काही बिघडत नाही.

डावा आणि उजवा, दोन्ही चॅनल मोजा. बरेच जण एकच मोजून थांबतात.

५. मोबाइलवरच्या डेसिबल मीटर अ‍ॅपने हे जमेल का?

नाही. हात चार बोटं हलला तरी आकडा बदलतो आणि आपल्याला एका डेसिबलचा दहावा हिस्सा पकडायचा आहे. खोलीत एकूण किती मोठ्याने ऐकताय हे बघायला अ‍ॅप ठीक आहे.

६. ब्लाइंड टेस्ट घरच्या घरी कशी करायची?

ब्लाइंड टेस्ट म्हणजे कोणता डॅक वाजतोय हे माहीत नसताना ऐकून ओळखायची चाचणी. घरातलं कुणीतरी तासभर मदतीला हवं, एक नाणं आणि कागद-पेन. प्रश्न ४ प्रमाणे पातळी जुळवून झालेली हवी, नाहीतर पुढचं सगळं वाया.

आधी कोणता डॅक वाजतोय हे माहीत असताना दोन्ही मनसोक्त ऐका आणि नेमका कुठे फरक वाटतो ते ठरवा. मग मदतनिसाने प्रत्येक फेरीला नाणं उडवायचं, छापा आला तर जुना, काटा आला तर नवा, आणि कागदावर लिहून ठेवायचं. तुम्ही पाठ करून बसायचं, हवा तेवढा वेळ ऐकायचं आणि आपलं उत्तर वेगळ्या कागदावर लिहायचं. सोळा फेऱ्या झाल्यावरच कागद जुळवायचे. प्रत्येक फेरीनंतर "बरोबर का?" विचारायची फार इच्छा होते, ती आवरा.

मदतनिसाने तुमच्या नजरेआड राहावं आणि बोलू नये. माणूस नकळत खुणा करतो. सिलेक्टर फिरवल्याचा आवाजही खूण ठरतो, म्हणून छापा पुन्हा आला तरी त्याने तो एकदा फिरवून परत जागेवर आणावा.

"क्ष हा अ आहे की ब?" या पद्धतीला एबीएक्स म्हणतात. मन्सन आणि गार्डनर यांनी ती १९५० मध्ये मांडली, आणि हाय-फाय उपकरणांसाठी स्विच-बॉक्स वापरून ती कशी करायची हे डेव्हिड क्लार्क यांनी १९८२ मध्ये लिहिलं. एक गैरसमज नेहमी दिसतो: फूबार२००० या प्लेअर सॉफ्टवेअरमधलं एबीएक्स साधन दोन *फाइलींची* तुलना करतं. दोन डॅकच्या तुलनेसाठी ते उपयोगाचं नाही.

७. किती उत्तरं बरोबर आली म्हणजे फरक खरा मानायचा?

१६ पैकी १२. निव्वळ अंदाजाने १२ किंवा अधिक बरोबर यायची शक्यता ३.८ टक्के असते. दहाच फेऱ्या करणार असाल तर ९ हव्यात (१.१ टक्के), कारण ८ ची शक्यता ५.५ टक्के, म्हणजे काठावरची.

फेऱ्या किती हे आधी ठरवा. "आता ७ पैकी ६ आलेत, इथेच थांबू" ही स्वतःचीच फसवणूक आहे. वीस मित्रांनी चाचणी दिली आणि एकाला १२ आले, तर तो सोन्याच्या कानाचा ठरत नाही. वीस जणांत एखाद्याला नशिबाने तेवढे सहज येऊ शकतात. त्याला पुन्हा बसवा.

९-१० बरोबर आले तर दोन्ही डॅक हुबेहूब सारखे आहेत असं सिद्ध होत नाही. या स्पीकरवर, या खोलीत, तुम्हाला फरक पकडता आला नाही, एवढंच त्यातून कळतं. खरेदीचा निर्णय घ्यायला मात्र तेवढं पुरतं. आणि १६ पैकी २ आले तर मदतनिसाने छापा-काटा उलटा धरला होता का ते आधी विचारा.

८. चाचणीसाठी कोणतं संगीत घ्यावं?

तोंडपाठ असलेलं. त्यातही पंधरा-वीस सेकंदांचा एकच तुकडा घेऊन तोच पुन्हा पुन्हा. झांजा, टाळ्यांचा कडकडाट, एकट्या पियानोचा विरत जाणारा सूर, तंबोऱ्याची जवारी, जवळून रेकॉर्ड केलेला माणसाचा आवाज, यांत बारकावे लवकर सापडतात. गोंगाट शोधायचा असेल तर गाण्याचा अगदी शेवट, जिथे सगळं विरून शांतता येते, तो भाग घ्या. दुकानात ऐकवतात तसली चकचकीत डेमो रेकॉर्डिंग नकोत. ती कशावरही छान वाजतात, त्यासाठीच ती निवडलेली असतात.

९. झटपट अदलाबदल करताना फरक कळत नाही, पण महिनाभर ऐकलं की कळतो. मग ब्लाइंड टेस्टच चुकीची नाही का?

या प्रश्नाला उडवून लावणं मला पटत नाही. घाईत, परीक्षा दिल्यासारखं ऐकताना माणूस दडपणाखाली असतो हे खरं आहे. पण नादातले सूक्ष्म तपशील कानाच्या स्मरणात काही सेकंदच टिकतात. महिन्यापूर्वीचा आवाज आठवताना आपण त्याबद्दल केलेलं *मत* आठवत असतो. शिवाय महिनाभरात सर्दी होऊन जाते, खोलीतलं सामान हलतं, मूड बदलतो.

ब्लाइंड टेस्टला घाईची अट मुळीच नाही. मदतनिसाने दोन्ही डॅक कापडाखाली झाकावेत, दर आठवड्याला नाणं उडवून एक जोडावा, आणि तुम्ही आठवडाभर ऐकून रविवारी उत्तर लिहावं. दहा आठवड्यांत दहा उत्तरं. हे मी अनेकांना सुचवलं, आजवर कुणी केलेलं माझ्या ऐकिवात नाही. खरं सांगायचं तर मीही नाही.

१०. नवा डॅक दोनशे तास वाजू द्या, मग खुलतो, असं सांगतात. खरं का?

सुरू केल्यावर पहिल्या काही मिनिटांत सर्किट तापतं आणि मोजमापं किंचित हलतात, एवढं खरं. दोनशे तासांत जे खुलतं ते बहुतेक वेळा ऐकणाऱ्याची सवय असते. या सल्ल्यातली एक गोष्ट तेवढी लक्षात ठेवा: दोनशे तास संपेपर्यंत परत करायची मुदत बऱ्याचदा उलटून गेलेली असते.

११. एकाचं सिनॅड ११० आणि दुसऱ्याचं १२० डेसिबल आहे. दहा डेसिबल म्हणजे मोठाच फरक ना?

कागदावर हो. सिनॅड म्हणजे गोंगाट आणि डिस्टॉर्शन मिळून सिग्नलच्या किती खाली आहेत त्याचा आकडा. आता हिशेब करा. संगीताचं शिखर तुमच्या कानाशी १०० डेसिबलवर पोचतं असं धरलं, आणि हे काही हळू आवाजातलं ऐकणं नव्हे, तरी ११० वाल्या डॅकची घाण उणे १० डेसिबलवर राहिली. शांत खोलीचा स्वतःचा आवाजच ३० डेसिबलच्या आसपास असतो. सीडीचा १६ बिटांचा साचाही साधारण ९८ डेसिबलला थांबतो.

आकडा कामाचा ठरतो तो वेगळ्या ठिकाणी. स्पीकर फार संवेदनशील असतील, किंवा डॅक थेट पॉवर अ‍ॅम्पला जोडून व्हॉल्यूम डॅकवरूनच कमी-जास्त करत असाल, तर ट्वीटरजवळ (वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरजवळ) कान नेल्यावर सळसळ ऐकू येऊ शकते. हे तपासायला आकडे लागत नाहीत. गाणं थांबवा आणि खुर्चीत बसून ऐका.

१२. हाय-रेझ फाइल लावल्यावर नवा डॅक जास्त चांगला वाटतो. त्यासाठी तरी घ्यावा का?

इथे दोन प्रश्नांची सरमिसळ होते. हाय-रेझ (सीडीपेक्षा जास्त बारकाईने आकडे नोंदवलेली) आवृत्ती बऱ्याचदा वेगळ्या मास्टरवरून (अंतिम मूळ प्रतीवरून) निघालेली असते, त्यामुळे ऐकू आलेला फरक मास्टरिंगचाही असू शकतो. डॅक जोखायचा तर दोन्हींवर अगदी तीच फाइल वाजवा. फॉरमॅट जोखायचा तर त्याच हाय-रेझ फाइलची १६/४४.१ (सीडीइतकी, म्हणजे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झची) प्रत स्वतः बनवून तुलना करा.

२००७ मध्ये मेयर आणि मोरान यांनी हाय-रेझ डिस्कचा आवाज मध्येच १६/४४.१ मधून काढून लोकांना ऐकवला. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ उत्तरं बरोबर आली, म्हणजे नाणेफेकच. २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी १८ प्रयोगांचे साडेबारा हजारांहून अधिक प्रयत्न एकत्र केले तेव्हा प्रमाण ५२.३ टक्के निघालं आणि प्रशिक्षित श्रोत्यांचं त्याहून बरं. म्हणजे फरक असलाच तर केसाएवढा.

१३. आर-टू-आर (रेझिस्टरच्या शिडीने बनवलेला डॅक), एनओएस, व्हॉल्व्ह, वेगवेगळे फिल्टर... हे सगळं नुसतं जाहिरातीचं बोलणं का?

नाही, यातले काही फरक ऐकू येण्याजोगे आहेत. ओव्हरसॅम्पलिंग न करणारा, म्हणजे एनओएस डॅक सीडी वाजवताना वरचे सूर आपोआप दाबतो: १० किलोहर्ट्झला साधारण पाऊण डेसिबल, २० किलोहर्ट्झला तीनहून थोडं जास्त. पुढे भरपाई केली नसेल तर तरुण कानांना हे सहज कळेल आणि ते त्याला "मऊ", "अ‍ॅनालॉगसारखा" म्हणतील. संथ उताराचा फिल्टरही ट्रेबलची कड थोडी गोलवतो. व्हॉल्व्हचं आउटपुट थोडं दुसऱ्या हार्मोनिकचं (मूळ सुराच्या दुप्पट कंपनसंख्येचं) डिस्टॉर्शन घालतं आणि पुष्कळांना ते गोड लागतं.

माझा आक्षेप फक्त शब्दावर आहे. हे "जास्त तपशील" नव्हे, हा टोन कंट्रोल आहे. आवडला तर खुशाल ठेवा. पण आधी अ‍ॅम्पचा ट्रेबल नॉब जरासा उलटा फिरवून बघा, कदाचित तेच हवं असेल. चिपच्या नावावरून मात्र काही ठरवू नका. एकच चिप दोन डॅकमध्ये अगदी वेगळी वागू शकते. तिच्याभोवतीचं पॉवर सप्लाय आणि आउटपुटचं सर्किट जास्त महत्त्वाचं.

१४. लॅपटॉप जोडला की स्पीकरमधून गुणगुण येते, माउस हलवला की चिरचिर. नवा डॅक घेतल्यावर हे जाईल का?

कदाचित जाईल, आणि गेलं तर ती खरीखुरी सुधारणा असेल. पण दोष बहुधा डॅकचा नसतो. यूएसबीच्या ग्राउंडमधून लॅपटॉपचे विद्युत प्रवाह आरसीए केबलच्या जाळीतून अ‍ॅम्पपर्यंत पोचतात, त्याला ग्राउंड लूप म्हणतात. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. मग शक्य असेल तर यूएसबीऐवजी ऑप्टिकल केबल वापरा. तिच्यातून प्रकाश जातो, वीज नाही, त्यामुळे लूप तुटतो. गुणगुण थांबली तर जुन्या डॅकलाही हाच उपाय लागू आहे. यूएसबी आयसोलेटरही मिळतात. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायचा "उपाय" कुणी सुचवला तर तो करू नका, त्यात जिवाला धोका आहे.

१५. नवा डॅक एव्ही रिसीव्हरला जोडलाय, तिळमात्र फरक नाही. असं कसं?

अनेक एव्ही रिसीव्हर (टीव्ही-होम थिएटरचे अनेक इनपुटवाले अँप) आणि डीएसपी (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणारी चिप) असलेले अ‍ॅक्टिव्ह स्पीकर अ‍ॅनालॉग इनपुट आत घेताच पुन्हा डिजिटल करतात, त्यावर रूम करेक्शन (खोलीनुसार आवाज सुधारणं) किंवा क्रॉसओव्हर (बेस आणि ट्रेबल वेगळे करणं) चालवतात आणि शेवटी स्वतःच्याच डॅकमधून बाहेर काढतात. तुम्ही डॅक बदललात, पण शेवटचा शब्द आतल्याच डॅकचा राहिला. रिसीव्हरला "डायरेक्ट" किंवा तत्सम मोड असेल तर त्यात ही फेरी टळते का ते मॅन्युअलमध्ये बघा, मात्र त्यात रूम करेक्शनही जातं. बहुतेकांसाठी शहाणपणाचं हे की सिग्नल थेट डिजिटल इनपुटला द्यावा आणि बाहेरच्या डॅकला रजा द्यावी.

१६. फक्त नव्या, जोरजोरात मास्टर केलेल्या गाण्यांत जुना डॅक करकरीत वाटतो, बाकी ठीक. हा भास का?

नाही, हे शक्य आहे. फाइलमधले आकडे कमाल मर्यादेच्या आत असले तरी त्यांच्यामधून जाणारी लहर मर्यादेच्या वर उसळू शकते. साध्या टेस्ट टोनमध्ये ही उसळी ३ डेसिबलपर्यंत जाते. काही डॅकच्या फिल्टरमध्ये तिच्यासाठी जागा ठेवलेली असते, काहींमध्ये नाही. नसेल तिथे शिखरं कापली जातात. प्लेअरमध्ये दोन्ही डॅकसाठी डिजिटल व्हॉल्यूम ४ डेसिबलने खाली आणा आणि ब्लाइंड टेस्ट पुन्हा करा. करकर गेली तर कारण सापडलं, आणि इलाजही तोच.

१७. मला १६ पैकी १६ बरोबर आले! आता तरी नवा डॅक चांगला हे सिद्ध झालं ना?

अभिनंदन. फरक आहे हे सिद्ध झालं, आता कशाचा ते शोधा. इतका स्वच्छ निकाल आला की मला आधी जोडणीचा संशय येतो. एकाच वेळी दोन्ही डॅक वाजत असतील तर त्यांच्यात काही मिलिसेकंदांचं अंतर पडतं आणि बदलताना सुराची किंचित उडी ऐकू येते. एखाद्या डॅकचा रिले (आतला विजेवर चालणारा स्विच) खट्ट करतो. एकाची डावी-उजवी केबल उलटी लागलेली असते. अ‍ॅम्पच्या एखाद्या इनपुटला ४ व्होल्ट झेपत नाहीत. विंडोजमध्ये एका डॅकसाठी "एन्हान्समेंट" चालू आणि दुसऱ्यासाठी बंद असतं, किंवा एकाला ४४.१ तर दुसऱ्याला ४८ किलोहर्ट्झ लावलेलं असतं.

दोन डॅकची इनपुट आपसात बदला, सेटिंग सारखी करा, पातळी नव्याने जुळवा आणि परत चाचणी घ्या. तरीही १६ आले तर प्रश्न १३ आणि १६ मधली कारणं तपासा.

१८. हेडफोनवर फरक अगदी स्पष्ट आहे, स्पीकरवर नाही. कान खराब झालेत का?

कान ठीक आहेत. हेडफोन जोडला की तुम्ही डॅकबरोबर त्याच्यातल्या हेडफोन अ‍ॅम्पचीही तुलना करत असता. त्याचा आउटपुट इम्पीडन्स (विद्युत विरोध) हेडफोनच्या इम्पीडन्सच्या एक-अष्टमांशाहून जास्त असेल तर काही हेडफोनचा, विशेषतः अनेक ड्रायव्हरवाल्या इयरफोनचा, टोनच बदलतो. स्पीकरसाठीची तुलना लाइन आउटमधूनच करा.

१९. डॅकने काही फरक पडत नसेल तर मग सुधारणा कुठे शोधू?

स्पीकर भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, मग अजून वीतभर. खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली असेल तर पुढे घ्या. हे ऐकायला ब्लाइंड टेस्ट लागत नाही.

२०. चाचणीत मला फरक कळला नाही. तरी नवाच डॅक लावला की ऐकायला जास्त मजा येते. परत करू का?

नव्यात रिमोट असेल, हवं ते इनपुट असेल, नॉब हाताला छान लागत असेल, तर ठेवा. ही खरी कारणं आहेत आणि त्यांच्यासाठी "साउंडस्टेज रुंदावला" म्हणायची गरज नाही. फक्त आवाजासाठी घेतला असेल आणि मुदत बाकी असेल, तर परत करा. आणि ठेवलाच, तर जुना लगेच विकू नका. दोन-तीन महिन्यांनी नव्याचं कौतुक ओसरलं की पुन्हा एकदा नाणं काढून सोळा फेऱ्या करायला तो लागेल.